सोयाबीन-भाताच्या भावफरकाचं अनुदान: पैसा सातबाऱ्याला की कसणाऱ्याला? (कोल्हापूर जिल्हा)

पंचगंगाकाठ

मंडळी नमस्कार. हातकणंगले तालुक्यात माझं तीन एकर रान आहे. दोन एकर ऊस, एक एकर खरिपाला सोयाबीन आणि त्यावर हरभरा. गेल्या तीन खरिपांच्या विक्रीच्या पट्ट्या मी वहीत चिकटवून ठेवल्यात. काल रात्री त्या पुढ्यात घेऊन बसलो आणि जे दिसलं ते इथं मांडतोय. चुकत असेन तर सांगा.

खरीप २०२३: नऊ क्विंटल निघालं, ४,४०० नं गेलं. हमीभाव ४,६०० होता. म्हणजे क्विंटलमागं २०० कमी, एकूण १,८०० रुपयांचा खड्डा. त्याबद्दल राज्य सरकारचं अनुदान आलं ते हेक्टरी ५,००० प्रमाणं, माझ्या ४० गुंठ्यांचे २,०००. आलं वर्षभरानं, पण आलं. खड्डा भरला.

खरीप २०२४: आठ क्विंटल, भाव मिळाला ४,१००. हमीभाव होता ४,८९२. फरक ७९२, आठ क्विंटलला ६,३३६. खात्यावर आलं शून्य.

खरीप २०२५: पावसानं शेंगा रानातच काळ्या पडल्या, सहाच क्विंटल. ४,२०० नं दिलं. हमीभाव ५,३२८. फरक ६,७६८ रुपयांचा. अतिवृष्टीची मदत हा वेगळा विषय, ती भावाची नव्हे.

म्हणजे फरक २०० होता त्या वर्षी पैसे आले, आणि हजाराच्या घरात गेला तेव्हा नाहीत. भावफरकाचं म्हणून जे आलं ते किती विकलं आणि कितीला विकलं हे न बघता नुसत्या क्षेत्रावर आलं. ज्याला एकरी पाच क्विंटल झालं त्यालाही दोन हजार, ज्याला बारा झालं त्यालाही दोन हजार.

पण माझा खरा प्रश्न दुसराच आहे. माझ्या बांधाला लागून तीस गुंठे आहेत. मालक इचलकरंजीत असतात. रान कसतात आमच्या गल्लीतल्या एक काकू, अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. २०२३ ला मालकांनी मला फोन केला, "तू रानात असतोसच, तेवढी आमची ई-पीक पाहणी करून टाक." मी केली, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद. माझ्याच मोबाइलवर त्यांचं खातं निवडलं, गट नंबर टाकला, पीक सोयाबीन, क्षेत्र ०.३०, आणि फोटो काढला. त्या फोटोत काकू उभ्या आहेत, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. फोटोत त्या, खातं मालकांचं.

अनुदान आलं तेव्हा काकू पासबुक घेऊन माझ्या दारात. "दादा, माझं पैसं कवा येत्याल?" दीड हजार रुपये होते. ते मालकांच्या खात्यावर आधीच जमा झाले होते. काकूंच्या नावावर एक गुंठाही नाही, मग यादीत त्यांचं नाव येणार कुठून? मी त्यांना काय सांगावं ते मला सुचलं नाही, आणि तो फोटो मीच काढला होता हे डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं असं: आपल्या जिल्ह्यात सरकारचा भावाच्या नावाचा पैसा नेमका कुणाला पोचतो? ज्यांना काही माहिती आहे त्यांनी आकड्यासकट लिहा.

---

शिरोळचं_काळं_रान

दादा, वहीच्या पट्ट्या टाकल्यात ते फार बरं केलंत. पण ऊसवाला म्हणून एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण बाहेरचे लोक म्हणतात कोल्हापूरचा ऊसवाला सरकारच्या अनुदानावर जगतो. एफआरपीत, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरात, सरकार एक रुपया देत नाही. ती कारखान्यानं द्यायची असते. सरकार फक्त किमान दर ठरवतं.

पण तिच्यामागं कायदा आहे, आणि सगळा फरक तिथं पडतो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाही तर १५ टक्के व्याज. थकवले तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे मालमत्ता जप्त करून वसुलीचा आदेश, काढतात. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्यानं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा आदेश काढला होता, तो शेतकरी नेते राजू शेट्टींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. म्हणजे ऊसवाल्याला कोर्टात जाऊन बोट ठेवता येईल असं कलम आहे. सोयाबीनच्या हमीभावाला असलं काही नाही. व्यापाऱ्यानं ५,३२८ च्या जागी ४,२०० दिले तर तुम्ही कुठल्या कलमाखाली जाणार?

आता ऊसवाल्यांच्याही डोळ्यांवरून काय निसटतं ते सांगतो. जाहीर होणारा आकडा आणि मिळणारी वाढ यात अंतर असतं, कारण मधल्या मधे पायाभूत उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची ज्या टक्केवारीला मूळ दर मिळतो ती, वर सरकवला जातो. १२.५ टक्के उताऱ्याचा कारखाना धरा, आपल्या जिल्ह्यात तो काही दुर्मीळ नाही.

२०१७-१८ ला २५५ रुपये, पाया ९.५ टक्के, वरच्या दर ०.१ टक्क्याला २.६८. हिशोब होतो क्विंटलला ३३५.४०.
२०१८-१९ ला २७५ रुपये, पण पाया १० टक्के, वरचा दर २.७५. हिशोब ३४३.७५.

पेपरात टनाला २०० ची वाढ छापून आली, आपल्याला मिळाली ८३ ची. २०२२-२३ ला परत तेच. २९० चे ३०५ केले आणि पाया १० वरून १०.२५. छापलेली वाढ टनाला १५०, आपली १११. जास्त उताऱ्याच्या भागाला याचा फटका सगळ्यात जास्त, म्हणजे आपल्यालाच.

२०२५-२६ ला ३५५, पाया १०.२५, वरच्या ०.१ ला ३.४६. साडेबारा उताऱ्याला टनाला ४,३२८. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. आमच्याकडं ती नऊशेच्या घरात जाते. हातात काय राहतं ते ज्यानं त्यानं काढावं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर वर्षी भांडण होतं ते याच्यावरचं, एफआरपी अधिक किती यावर. एफआरपी हा तळ आहे, त्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही. सोयाबीनला तळच नाही.

---

रंकाळा_वेस

शिरोळकर, हिशोब एकदम बरोबर. मात्र "एक रुपया देत नाही" यात एक दुरुस्ती करतो. मी शेतकरी नाही, हे आकडे वाचणं माझ्या कामाचा भाग आहे.

२०१८-१९ च्या हंगामात केंद्रानं गाळलेल्या उसावर क्विंटलला १३.८८ रुपये दिले होते. त्याच्या आधीही एकदा ५.५० प्रमाणं दिले होते. हे पैसे शेतकऱ्याच्या थेट खात्यावर, पण कारखान्याच्या वतीनं, आणि देय एफआरपीतच धरून. म्हणजे शेतकऱ्याला एफआरपीच्या वर काही मिळालं नाही, कारखान्याचा बोजा तेवढा कमी झाला. खातं तुमचं, मदत त्यांची. २०१९-२० ला साखर निर्यातीला टनाला १०,४४८ रुपये मदत होती, पुढच्या वर्षी ६,०००. साखरेची किमान विक्री किंमत २०१८ ला किलोला २९ आणि २०१९ ला ३१ रुपये केली तीही दर टिकावा म्हणून. हे सगळं उसाच्या भावाला दिलेले टेकू आहेत, फक्त ते पट्टीवर दिसत नाहीत.

आणि हे टेकू बाहेरच्यांनी मोजले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २०२१ ला पॅनेलनं भारताविरुद्ध निकाल दिला: उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. त्यात सरकारनं खिशातून काय दिलं एवढंच बघितलं नाही, सक्तीचा दर हाच आधार धरला. भारतानं अपील केलं, पण ते ऐकणारं मंडळच बंद पडलंय.

सोयाबीनबद्दल माझं मत कडक आहे. भावफरकाचं अनुदान हा नंतरचा मलम झाला. भाव पडतो कुठं ते बघा. ऑगस्ट २०२१ ला सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, आठवतं ना? त्याच महिन्यात १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, कुक्कुटपालनवाल्यांची मागणी होती. तेलाचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, हे चांगलं केलं. आठ-नऊ महिन्यांत, मे २०२५ च्या शेवटी, ते साडेसोळावर आणलं. पेरणी तोंडावर आली होती. पेरताना शेतकऱ्यानं कुठल्या भावाचा अंदाज धरायचा?

---

सेवाकेंद्र_गडहिंग्लज

पंचगंगाकाठ दादा, मी ई-सेवा केंद्र चालवते. २०२३ च्या सोयाबीन अनुदानाचे शेकडो फॉर्म माझ्या हातून गेलेत, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहिते.

निकष असा होता: ०.२० हेक्टरपेक्षा कमी असेल तर सरसकट १,०००, त्याच्या वर हेक्टरी ५,०००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. वीस गुंठ्यांच्या आतल्याला हजार हे आपल्या जिल्ह्यासाठी मोलाचं ठरलं, कारण आमच्याकडं बारा गुंठे, सात गुंठे अशीच रानं. क्षेत्राच्या हिशोबात सात गुंठ्यांचे साडेतीनशे झाले असते.

पण अडकलं कुठं? सामाईक खात्यात. एका सातबाऱ्यावर चौदा नावं. चुलते, चुलतभाऊ, लग्न होऊन निपाणीला, बेळगावला, मुंबईला गेलेल्या बहिणी, दोन मयत ज्यांची वारसनोंद झालेली नाही. पैसे एकाच्याच खात्यावर यायचे, त्यासाठी बाकीच्यांचं ना हरकत पत्र. माझ्याकडं एक आजोबा आले होते, त्या कागदावर सह्या गोळा करत तीन आठवडे फिरले. शेवटची सही पुतण्याची, तो भाऊबंदकीत नाराज, सही देईना. आजोबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, म्हणाले राहू दे बाई, आणि टोपी घालून निघून गेले. अकरा सह्या होत्या त्याच्यावर. मी तो कागद अजून टाकलेला नाही.

ई-केवायसी, आधार बँकेला जोडलेलं नसणं, अंगठा न उमटणं, यातून लोक बाहेर पडतात तरी. सामाईक खात्यातनं नाही पडत.

तुमच्या काकूंबद्दल: वाटेकऱ्याला या योजनेत जागाच नव्हती. पीकविम्यात भाडेपट्ट्यानं कसणाऱ्याला अर्ज करता येतो, पण करार नोंदणीकृत लागतो. माझ्या केंद्रात आजवर असा करार घेऊन एकही माणूस आलेला नाही.

---

आजऱ्याची_माहेरवाशीण

आमच्या भाताचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा हाही कोल्हापूर जिल्हाच आहे, पण जिल्ह्याचं नाव निघालं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ऊसच येतो.

भाताला प्रोत्साहनपर रक्कम मिळते, आम्ही बोनस म्हणतो. २०२२-२३ ला हेक्टरी १५,०००, पुढच्या वर्षी २०,०००, दोन हेक्टरपर्यंत. सोयाबीनच्या पाच हजारांपेक्षा कितीतरी जास्त. अट एकच, खरेदी केंद्रावर ऑनलाइन नोंदणी केलेली पाहिजे.

आता आमच्याकडची परिस्थिती बघा. माझ्या माहेरी पंधरा गुंठ्यांच्या चार खाचरांत रोप लावण. जे पिकतं त्यातलं निम्मं घरी खायला, थोडं लेकींना, उरलेलं गावातल्या मिलवर. केंद्रावर विकायला नेण्याएवढा मालच नसतो, म्हणून लोकांना वाटायचं की नोंदणी आपल्यासाठी नव्हे. ज्यांना वेळेत कळलं की विकलं नाही तरी नोंदणी केली की बोनस मिळतो, त्यांनी केली. वरच्या वाड्यांवर, धनगरवाड्यावर ते पोचेपर्यंत मुदत संपलेली. माझ्या भावानं केली, शेजारच्या घरानं केली नाही, दोघांचं रान एकाच पाण्याखाली. एकाला बारा हजार, दुसऱ्याला काही नाही. त्या दोन घरांत अजून बोलणं नीट नाही.

आणि आजरा घनसाळ. भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ आहे, शिजायला लागला की वास घरभर. उत्पादन कमी निघतं, पण पुण्या-मुंबईत चांगला भाव देणारे आहेत. बोनस मात्र घनसाळला आणि जाडं भात करणाऱ्याला हेक्टरी सारखाच. असू दे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण घनसाळ टिकवायचा म्हणून वेगळं काहीच नाही, हे मनाला लागतं.

---

चुलवाण

गुळाला हमीभाव नाही, एफआरपी नाही, बोनस नाही. शाहू मार्केट यार्डात सौदा निघेल तो दर. कोल्हापुरी गुळाला मानांकन आहे, पण त्यानं सौद्यातला दर बांधला जात नाही. चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं करवीर तालुक्यात, रस आटवायची काहील उतरवून ठेवलीय चार वर्षं झाली. गूळ करणारा गुळव्या मिळत नाही आणि मिळाला तरी त्याची मजुरी सुटत नाही. ऊस कारखान्याला घालतो आता. ज्या पिकाला कायदा आहे तिकडं माणूस वळणारच.

---

पंचगंगाकाठ

चुलवाण भाऊ, तुमची शेवटची ओळ मी वहीत लिहून ठेवली. आमच्याकडं दर वर्षी सोयाबीनचे एक-दोन एकर उसाखाली जातात ते याच कारणानं. पंचगंगेच्या पाण्याचं काय होतंय ते सगळ्यांना दिसतंय, रान चिबड, पाणथळ होतंय, तरी ऊसच. हा दोष शेतकऱ्याचा आहे असं मला वाटत नाही.

खरेदी केंद्राचंही सांगतो. मी २०२४ ला नोंदणी केली होती. संदेश यायला वेळ लागला. आला तेव्हा नमुना घेऊन गेलो, यंत्रात ओलावा १४.६. मर्यादा १२ ची. परत आणलं, तीन दिवस अंगणात वाळवलं, ढग आले की ताडपत्री, ढग गेले की परत उघडं. पुढं ती मर्यादा १५ केली, तोवर माझं सोयाबीन व्यापाऱ्याच्या गोदामात गेलं होतं. उसाच्या लागणीला पैसे लागत होते, थांबणार किती? व्यापाऱ्यानं ओलाव्याला किलोमागं कापलं ते वेगळंच. त्याच्याकडं यंत्र नव्हतं, दाणा दातानं फोडून बघितला.

---

कोथरूडमधला_कागलकर

थोडं वेगळं लिहितोय, राग मानू नका. त्या इचलकरंजीच्या मालकासारखाच मी एक मालक आहे. कागल तालुक्यात वडिलोपार्जित दीड एकर. नोकरी पुण्यात. रान एक काका वाट्यानं करतात, वडिलांच्या वेळेपासून.

२०२३ चं सोयाबीन अनुदान माझ्याही खात्यावर आलं. तीन हजार. खरं सांगतो, ते कशाचे आहेत हे बघायलाही मी बँकेत गेलो नाही, मोबाइलवर संदेश आला आणि विसरलो. हा धागा वाचून आज खातं उघडून बघितलं.

पण करार करा, नोंदणी करा असं म्हणणाऱ्यांनी आमचीही बाजू बघावी. माझ्या आजोबांची चार एकर कुळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, ही तारीख आमच्या घरात सणावारासारखी पाठ आहे, पण दुःखानं. आजीनं मरताना वडिलांना सांगितलं होतं, कुणाला कागद देऊ नको. काकांवर माझा विश्वास आहे. पण उद्या त्यांची मुलं, माझी मुलं? म्हणून कागद होत नाही. कायद्याची भीती खरी आहे, निदान आमच्या घरात तरी.

---

निवृत्त_चावडी

कागलकर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. मी महसुलात तीस वर्षं काढली, म्हणून यातला एक धागा जोडतो.

पूर्वी हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यात खालचा भाग असायचा गाव नमुना बारा, म्हणजे पीकपाण्याचा. त्यात पिकाच्या क्षेत्राबरोबर जमीन करणाऱ्याचं नाव आणि रीत असे रकाने होते. मालक स्वतः करतो की दुसरा कुणी, हे तलाठी बांधावर जाऊन लिहायचा, किमान लिहावं अशी अपेक्षा होती. त्या रकान्यात नाव लागलं की कुळाचा दावा उभा राहायचा. त्यामुळं मालक पीकपाण्याच्या दिवसांत तलाठ्याच्या मागं असायचे, नाव लागू नये म्हणून. मी स्वतः अशा दोन्ही बाजूंच्या लोकांना चावडीत रडताना बघितलंय. पुढं मालकाशिवाय दुसरा कुणी वहिवाटीत असेल तर त्याची नोंद नमुना सात-ब ला, तीही तहसीलदाराच्या चौकशीनंतर, अशी पद्धत झाली. वाद थांबावेत हा हेतू चांगलाच होता.

पण त्याचा परिणाम असा की कसणारा माणूस कागदावरून गेला. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, पीक कोणतं ते नेमकं कळायला लागलं, अक्षांश-रेखांशासकट. पिकवलं कुणी ते कळत नाही. आणि आता प्रत्येक अनुदान त्याच नोंदीवर बसवलं जातं.

यावर मार्ग निघू शकतो, दुसऱ्या राज्यांनी काढलाय. आंध्र प्रदेशात २०१९ चा कायदा आहे, कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं हक्कपत्र मिळतं, त्यानं जमिनीवर हक्क लागत नाही, फक्त पीककर्ज, विमा, मदत यांना तो पात्र होतो. ओडिशाच्या कालिया योजनेत वाटेकरी धरले होते. उलट तेलंगणानं रयतु बंधू २०१८ ला काढलं तेव्हा पैसा फक्त पट्टेदार मालकाला दिला, आणि तिथंही आपल्या काकूंसारखे लोक बाहेरच राहिले. नीती आयोगाच्या समितीनं २०१६ लाच भूमी भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार करून राज्यांपुढं ठेवला, त्यात मालकाची मालकी सुरक्षित राहून कसणाऱ्याची नोंद व्हावी हीच कल्पना आहे. तुमच्या आजीची भीती आणि काकूंचं पासबुक, दोन्हींचा विचार एका कागदात करता येतो.

---

रंकाळा_वेस

चावडी काकांच्या मुद्द्याला जोडून. भाव आणि क्षेत्र यांचा संबंध तुटलाय हे पंचगंगाकाठ यांनी सुरुवातीलाच दाखवलं. मग प्रत्यक्ष विकलेल्या मालावर फरक द्यावा असं कुणी म्हणेल, तर मध्य प्रदेशानं २०१७ ला ते करून बघितलं, भावांतर भुगतान. सरकार फरक देणार हे कळल्यावर बाजार समित्यांत एकदम आवक झाली आणि व्यापाऱ्यांनी भाव पाडले. फरक हमीभाव आणि सरासरी दरातला मिळायचा, त्यामुळं ज्याचा माल सरासरीच्याही खाली गेला त्याचं नुकसान तसंच राहिलं. योजना गुंडाळली. २०२५ च्या खरिपात सोयाबीनसाठी त्यांनी ती परत आणली.

तिथंही नोंदणी लागते, आणि नोंदणी जमिनीच्या कागदावर. मग काकूंचं काय, हा प्रश्न राहतोच. म्हणून मला वाटतं आधी कसणाऱ्याची नोंद, मग योजना कुठली ते बोलू.

---

शिरोळचं_काळं_रान

मला एवढंच म्हणायचंय, भीक म्हणून काही नको. १९६६ च्या आदेशासारखं सोयाबीनला एक कलम द्या, १४ दिवस आणि १५ टक्के. उसाला जमतं तर तेलबियांना का जमू नये? उसाला कारखाना ठरलेला असतो आणि सोयाबीनला शंभर व्यापारी, हे अडचणीचं आहे, मान्य. पण बाजार समितीच्या आवारात तरी लावा.

---

कोथरूडमधला_कागलकर

आज काकांना फोन केला. तीन हजारांचं सांगितलं आणि ते सगळे त्यांच्या खात्यावर पाठवतो म्हणालो. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अर्धेली हाय बाबा, अर्धं पाठव." मी सगळे पाठवले. पुढच्या वेळी गावी आलो की सात-ब आणि अकरा महिन्यांचा कागद याबद्दल चावडी काकांना भेटायचं आहे. भेटाल का?

---

निवृत्त_चावडी

जरूर या. येताना आठ-अ चा उतारा आणि जुना हस्तलिखित सातबारा मिळाला तर घेऊन या.

---

पंचगंगाकाठ

कागलकर, तुमचा अनुभव मी इचलकरंजीच्या मालकांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी साडेसातशे माझ्याकडं दिले. बोलले काही नाहीत. मी आज संध्याकाळी काकूंना नेऊन दिले. त्या शेणी लावत होत्या, हात धुऊन आल्या, पैसे मोजले, पदराला बांधले. म्हणाल्या, हरभऱ्याला एक फवारणी राहिलीय, त्यात जातील.

मग विचारलं, "आता हरभऱ्याचा फोटू काढशील न्हवं, त्यात माझं नाव घालता येतंय का बघ की."

सेवाकेंद्र ताई, रब्बीच्या पाहणीत असा काही रकाना आहे का? मला सापडला नाही, म्हणून विचारतोय.

---

सेवाकेंद्र_गडहिंग्लज

दादा, मीही आत्ता उघडून बघितलं. खातेदार निवडा, गट निवडा, पीक निवडा, पाण्याचं साधन निवडा, फोटो. करणाऱ्याच्या नावाला रकाना नाही.

ग्रामसभेत ठराव करून वाटेकऱ्यांची गावापुरती यादी तरी करता येईल, तहसीलदारांकडं निवेदनाला जोडायला. तिच्यावर पैसे मिळणार नाहीत, पण गावात कसणारे किती आहेत ते कागदावर येईल. आमच्या गावात मी करायला घेते, मजकूर झाला की इथं टाकते. तुमच्या काकूंचं नाव, गट नंबर आणि गुंठे लिहून ठेवा.